शिट्टी वेगळी, सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा

मंडळी, परवा जेवताना समुद्राखालच्या पाइपलाइनींचा विषय निघाला. आमचा भाचा इंजिनिअर. म्हणाला, "मामा, इतकी वर्षं काही झालेलं नाही. उत्पादन बंद करून त्या झडपा तपासायच्या कशाला?" तेव्हा गप्प बसलो, पण घास गोड लागला नाही. म्हणून हा प्रपंच!

विहिरीतला दाब कधीकधी पाइप सोसू शकेल त्याहून जास्त असतो. रोजची झडप तो कमी करते. ती बिघडली किंवा पुढे पाइप तुंबला, की दाब चढतो. जमिनीवर जादा वायू बाहेर काढून जाळता येतो. समुद्रतळाशी तो सोडणार कुठे? तिथे उगमच बंद करावा लागतो. त्यासाठी एकामागे एक दोन झडपा आणि दाब मोजणारे साधारण तीन संवेदक बसवतात. तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला की झडपा आपोआप मिटतात. ही यंत्रणा रोजच्या नियंत्रणापासून पूर्ण वेगळी हवी. कुकरला शिट्टी असली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा असतोच ना?

पण वर्षानुवर्षं न हललेली झडप ऐनवेळी मिटेलच, हे कशावरून? "काही झालं नाही" हा पुरावा नव्हे, ते नशीब आहे.

६ जुलै १९८८. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा. एका पंपाची सेफ्टी झडप दुरुस्तीला काढलेली होती. रात्रपाळीला ते कळलंच नाही, पंप चालू केला आणि स्फोट झाला. आग दिसत असूनही शेजारच्या टार्टन आणि क्लेमोर प्लॅटफॉर्मांवर उत्पादन चालूच राहिलं. मग टार्टनहून येणारी वायूची पाइपलाइन फुटली आणि आग आवरेना. १६७ माणसं गेली. उत्पादन थांबवायला जड जातं, ते असं!

म्हणूनच ही झडप मिटायला कुणाची परवानगी लागू नये, आणि ती तपासायची तारीख उत्पादनाच्या सोयीने पुढे ढकलू नये. मुंबई हायचा वायू समुद्रतळावरूनच उरणला येतो, तिथे त्यातून स्वयंपाकाचा गॅसही निघतो. तेव्हा हा प्रश्न फक्त इंजिनिअरांचा नाही.

आणि भाचेबुवा, तुमच्या घरच्या कुकरचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदललात? असो. रागावू नका, रविवारी जेवायला या.