ज्वारीची झाली म्हणून बीयर आंबील होत नाही

"डॉक्टर, दारू पूर्ण बंद केली. आता फक्त बीयर. ती पण आपल्या ज्वारीची!"

समोर बसलेले गृहस्थ पंचेचाळिशीचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही वाढलेले, शुगरची गोळी चालू. सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना दारू सोडायला सांगितलं होतं. त्यांनी व्हिस्की खरंच सोडली. मग पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना एका ब्रुअरीत नेलं आणि तिथे त्यांना नवं ज्ञान मिळालं: ही बीयर कारखान्यातली नाही, थोडी थोडी बनवतात, आपल्या ज्वारीची, आपल्या डाळिंबाची, आंबवलेली, म्हणजे पोटाला चांगली. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार दिवस दोन-दोन ग्लास. रिपोर्ट जिथल्या तिथे, आणि हे माझ्यावरच नाराज. "सगळं नैसर्गिक घेतोय, तरी लिव्हर सुधरत का नाही?"

असं बोलणारे ते एकटे नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो. काहींना राग येईल, चालेल.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ

पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली आणि महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरींचं पर्व सुरू झालं. आता पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच ब्रुअरी आहेत. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्ससारख्यांनी कोकम घालून आंबट एल बनवल्या. कुणी ज्वारी-बाजरी वापरतं, कुणी आंबा, कुणी जांभूळ. ही मंडळी कसबी आहेत, मेहनती आहेत, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. चवीसाठी बनवतात, चवीसाठी विकतात. माझं भांडण आहे ते त्या ग्लासभोवती आपण जी आरोग्याची पोथी रचली आहे तिच्याशी.

यातले दोन प्रकार मुख्य. एक 'फार्महाउस एल', म्हणजे शेतघरातली बीयर. बेल्जियमच्या दक्षिण भागात हिवाळ्यात बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना द्यायची, अशी तिची कहाणी सांगतात. दुसरा 'सावर', म्हणजे आंबट एल. यात यीस्टबरोबर दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, काम करतात. ते साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतात, म्हणून आंबट चव. यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं. म्हणजे एकाच पिंपात दोन कामं: एक आंबवण्याचं, एक दारूचं. आपण पहिल्याचं कौतुक करतो आणि दुसरं सोयीने विसरतो.

आता एकेक दावा घेऊ.

"आंबवलेली आहे, म्हणजे प्रोबायोटिक"

आजकालच्या बऱ्याच आंबट बीयर एका झटपट पद्धतीने बनतात. धान्याच्या गोड काढ्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे, एक-दोन दिवस आंबू द्यायचं, आणि मग तो काढा उकळायचा. उकळल्यावर जंतू मेले. आंबटपणा राहिला, जंतू गेले. त्यानंतर यीस्ट घालून दारू तयार करायची. अशा ग्लासात पोटाला उपयोगी असे जिवंत लॅक्टोबॅसिलस शोधणं म्हणजे कढीत विरजण शोधण्यासारखं आहे.

काही बीयर न उकळता वर्षानुवर्षं लाकडी पिंपात आंबवतात, त्यात जंतू जिवंत असू शकतात. पण 'जिवंत जंतू' आणि 'प्रोबायोटिक' एक नव्हे. प्रोबायोटिक म्हणायचं तर कोणता जंतू, किती, आणि त्याने नेमका काय फायदा होतो हे सिद्ध व्हावं लागतं. शिवाय मद्यार्क स्वतः आतड्याच्या अस्तराला इजा करतो. एका हाताने झाड लावायचं आणि दुसऱ्या हाताने मुळाशी रॉकेल ओतायचं, असला हा प्रकार.

"ज्वारीची आहे, पौष्टिक आहे"

जरा हिशेब करू. साधारण 100 लिटर बीयरला 20 किलोच्या आसपास धान्य लागतं. त्यातलं बरंचसं बार्लीचं माल्ट असतं. समजा पाचवा हिस्सा ज्वारी घातली, तर 4 किलो. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ग्लासामागे 20 ग्रॅम ज्वारी. आपल्या घरची एक भाकरी 70-80 ग्रॅम पिठाची तरी असते. म्हणजे एका ग्लासात पाव भाकरी! तीही कशी? तिच्यातला पिठूळ भाग साखर होऊन त्याचा मद्यार्क झाला, आणि तंतुमय चोथा गाळून टाकला. ज्वारीचं ज्यासाठी आपण कौतुक करतो, तो भाग चोथ्याबरोबर बाहेर गेला.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला अभिमान असायलाच हवा. पण ते मानांकन माल कुठे पिकला ते सांगतं. लिव्हरमध्ये गेल्यावर त्याचं काय होतं ते सांगत नाही. डाळिंब चांगलं आहे ना? मग डाळिंब खा.

ज्यांना गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार आहे त्यांनी विशेष लक्ष द्या. ज्वारीत ग्लूटेन नसतं हे खरं. पण ज्वारी 'घातलेली' बीयर ही बहुधा बार्ली किंवा गव्हाचीच असते. ती तुम्हाला चालणार नाही.

"बीयरच ती, दारू थोडीच आहे"

इथे खरा घोळ आहे. अर्धा लिटर एल, मद्यार्क साडेसहा टक्के. यात शुद्ध मद्यार्क साधारण 26 ग्रॅम. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम. म्हणजे एक ग्लास म्हणजे अडीच पेग, दोन ग्लास म्हणजे पाच. आमच्या त्या गृहस्थांनी व्हिस्कीचे रोज दोन पेग सोडून बीयरमधून पाच सुरू केले होते. लिव्हर सुधारणार कसं?

निरोगी लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निपटतं. एका ग्लासाला सुमारे तीन तास. ते काम चालू असताना चरबी जाळणं मागे पडतं आणि ती लिव्हरमध्येच साठत जाते. मद्यार्कातून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्याला 1988 सालीच पहिल्या गटात, म्हणजे 'माणसात कर्करोग करणारे' या यादीत टाकलं. जानेवारी 2023 मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. त्यात ज्वारीला सूट नाही.

आणि ती शेतमजुरांची गोष्ट? जुन्या काळी कामाच्या वेळी प्यायची ती बीयर हलकी असायची असं मानतात. आज त्याच नावाने मिळते ती पाच-सात टक्क्यांची, कधी त्याहून कडक. नाव आजोबांचं, तब्येत नातवाची.

"गोड नाही, शुगरला चालते"

गोड नाही कारण साखरेचा मद्यार्क झाला. एका ग्रॅम मद्यार्कात 7 कॅलरी, साखरेत 4. पण याहून मोठा धोका दुसराच. लिव्हर मद्यार्कात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मंदावतं. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि जेवण कमी झालं असेल, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं, जास्त झाली, झोपू दे. तो माणूस झोपलेला नसतो, बेशुद्धीकडे चाललेला असतो. शुगरचा पेशंट प्यायल्यावर विचित्र वागू लागला तर आधी शुगर तपासा. शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात आणा.

"मुतखडा पडतो, आणि आपल्याकडे ऊन किती!"

हा तर सोलापूरचा राष्ट्रीय समज. मे महिन्यात पारा 43-44 वर, आणि जो तो सांगतो, बीयर पी, खडा पडेल. मद्यार्क मेंदूतल्या एका हार्मोनला दाबतो, त्यामुळे लघवी जास्त होते. म्हणजे अंगातलं पाणी बाहेर जातं. उन्हात आधीच कोरडं पडलेल्या शरीराला हे नको असतं. शिवाय बीयरने युरिक ॲसिड वाढतं. अंगठा लाल होऊन रात्रभर ठणकणाऱ्या गाउटच्या पेशंटला विचारा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. त्या वेळी जे प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं, इतकंच.

आंबट बीयरचा आणखी एक मुद्दा. तिची आम्लता खूप, पीएच साधारण 3 ते 3.5. दाताचं इनॅमल 5.5 च्या खाली विरघळू लागतं. ॲसिडिटीवाल्यांना तर वेगळं सांगायला नको.

आता जरा कडू बोलतो

सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याचं नाव हातभट्टीसाठी वर्षानुवर्षं बदनाम होतं. 2021 मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झालं. भट्ट्या मोडण्याबरोबरच लोकांना दुसरा रोजगार मिळावा असा प्रयत्न झाला. योग्यच झालं. हातभट्टीवर कुणाचं नियंत्रण नसतं. त्यात मिथेनॉल मिसळलं की काय होतं ते 2015 साली मुंबईच्या मालवणीत दिसलं, शंभरावर माणसं गेली.

परवानाधारक ब्रुअरीत ती विषबाधेची भीती नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो मान्य करतो. पण आपली भाषा बघा. यंत्रमागावरचा कामगार संध्याकाळी प्यायला की ते व्यसन. इंजिनिअर मुलगा तेवढेच ग्रॅम लांब दांडीच्या ग्लासातून प्यायला की ती संस्कृती. कामगाराची बायको माझ्याकडे रडत येते, त्यामुळे त्याचा आजार निदान कळतो तरी. इंजिनिअरचा आजार 'क्राफ्ट' या शब्दाखाली दहा वर्षं लपून राहतो. लिव्हरला जात, पगार आणि मेन्यूकार्ड कळत नाही. बायोप्सीत दोघांचं लिव्हर सारखंच दिसतं.

शेतकऱ्याच्या नावाने होणारी भलामणही पुरे. पाव भाकरीच्या ज्वारीने कुणाचं कर्ज फिटत नाही. शेतकऱ्याचं भलं करायचं असेल तर घरी गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी आणा. चौघांच्या घरात महिन्याला दहा-पंधरा किलो ज्वारी सहज खपेल.

आणि आंबवलेलंच हवं तर आपल्याकडे आंबील आहे की! ज्वारीचं पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, जिरं, लसूण, मीठ, आणि निवल्यावर वरून ताजं ताक. प्रामाणिकपणे सांगतो, शिजवल्यावर पिठातले जंतू इथेही मरतात. पण नंतर घातलेल्या ताकातले जिवंत राहतात, ज्वारी पोटात जाते आणि मद्यार्क जवळजवळ नसतोच. आंबट, थंड, शेतघरातली, स्थानिक. जे जे म्हणून त्या ग्लासात आहे असं सांगतात, ते सगळं या वाटीत आहे.

मग माझं म्हणणं काय?

मी नीतीचे पाठ देत नाही. निरोगी माणसाला कधीतरी चव म्हणून घ्यायची असेल तर त्याने 'मला आवडते म्हणून घेतो' असं सरळ म्हणावं. हे उत्तर मला मान्य आहे. 'तब्येतीसाठी घेतो' हे मान्य नाही. स्वतःला फसवून घेतलेल्या ग्लासाची मोजदाद राहत नाही, हा खरा धोका आहे.

ब्रुअरीवाल्यांना एकच विनंती. 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दारूच्या बाटलीवर आरोग्याचा दावा करता येत नाही आणि मद्यार्काचं प्रमाण छापावं लागतं. ग्लासला लेबल नसतं. म्हणून फळ्यावर ज्वारीचं गाव जेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिता तेवढ्याच अक्षरात मद्यार्काची टक्केवारी आणि ग्लासमागे किती ग्रॅम ते लिहा.

आणि तुमच्यासाठी, थोडक्यात:

- फॅटी लिव्हर, कावीळ, हिपॅटायटिस, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल, किंवा गरोदर असाल: अजिबात नाही. कुठलीच नाही.
- शुगर, झोप, फिट्स, टीबी किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील: आधी डॉक्टरांना विचारा.
- हिशेब सोपा आहे: मिली × टक्के ÷ 100 × 0.8 = मद्यार्काचे ग्रॅम. मोबाइलवर करा.
- डॉक्टरांनी "दारू घेता का?" विचारलं तर बीयर, वाइन, ताडी सगळं सांगा.
- रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

त्या गृहस्थांना मी हिशेब कागदावर मांडून दाखवला. बराच वेळ त्या 26 च्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे नाव बदललं, दारू तीच." मी म्हटलं, आता तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या, आणि येताना वहिनींना विचारून या, आंबील शेवटची कधी केली होती.