लॅपटॉपवरच्या 'उरलेल्या वेळे'वर किती विसंबायचे?

नागपूरच्या दक्षिणेला बेसा-पिपळा भागात गेल्या काही वर्षांत सदनिकांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. त्यामुळे फर्निचरचे मिस्त्री, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, फरशी बसविणारे, पीओपीचे छत करणारे अशा कारागिरांच्या हाताला काम मिळाले. आपल्यातील अनेक बांधव या कामांत आहेत. पूर्वी मिस्त्रीच्या खिशात पेन्सिल, टेप आणि एक मळकी वही असे. आता त्याच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी असते, कारण ग्राहकाला कपाट कसे दिसेल ते आधी पडद्यावर पाहायचे असते. या बदलाबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर एक नवी चूक आपल्या धंद्यात शिरली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींची गोष्ट सांगतो. बेशातील एका नव्या सदनिकेचे काम त्यांना मिळायचे होते. घराला अजून विजेचे मीटर लागलेले नव्हते. निघताना त्यांनी दुकानात लॅपटॉप पाहिला. बॅटरी ८० टक्के होती आणि शेजारी लिहिले होते, ३ तास ३६ मिनिटे शिल्लक. काम दोन तासांचे, म्हणून चार्जिंगची धावपळ न करता ते निघाले. तिथे खोल्यांत लख्ख ऊन, म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढविला, त्रिमितीय नकाशा उघडला, मोबाइलवरून इंटरनेट घेतले, शिवाय मोबाइलही लॅपटॉपलाच चार्जिंगला लावला. पन्नासेक मिनिटांत पडदा काळा झाला. तीन खोल्यांची मापे भरली होती, ती जतन केलेली नव्हती. ग्राहकाला परत बोलावणे बरे दिसेना, म्हणून मापे आठवून लिहिली. बीमखालची उंची दोन इंचांनी चुकली. प्लायच्या दोन शीट वाया गेल्या, एका दिवसाची मजुरी अंगावर पडली आणि ग्राहकाचा भरवसा डळमळला तो वेगळाच.

मिस्त्रींचा राग लॅपटॉपवर होता. "यंत्र खोटे बोलले," असे ते म्हणत होते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. यंत्र खोटे बोलले नाही. आपण विचारला एक प्रश्न आणि त्याने उत्तर दिले दुसऱ्याच प्रश्नाचे.

हा आकडा येतो कुठून?

लॅपटॉपच्या बॅटरीत एक छोटी चिप असते. बॅटरीत किती वीज गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब ती ठेवते. लिथियम-आयन बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मधल्या मोठ्या टप्प्यात फारसा हलत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून नुसता दाब पाहून किती वीज उरली हे नीट कळत नाही. जमा-खर्चाची वही ठेवावीच लागते. १९९५ साली इंटेल आणि ड्युरासेल या कंपन्यांनी 'स्मार्ट बॅटरी'चे नियम प्रसिद्ध केले. त्यांत उरलेल्या वेळेचे दोन आकडे होते. एक आकडा त्या क्षणी वीज ज्या वेगाने खर्च होत आहे त्यावरून काढायचा, दुसरा मागच्या एका मिनिटाच्या सरासरीवरून. पुढे वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळ्या रीती आल्या, पण मूळ गणित तेच राहिले. शिल्लक विजेला चालू खर्चाने भागायचे, की उत्तर तयार.

वरच्या उदाहरणात हे गणित मांडून पाहा. समजा बॅटरी नवी असताना ४१ वॉट-तासांची होती आणि वापराने झिजून आता २७ ची राहिली आहे. तिचे ८० टक्के म्हणजे साधारण २१.६ वॉट-तास. दुकानात पडदा मंद, फक्त एक बिल उघडलेले, खर्च ६ वॉट. भागाकार ३.६ तास, म्हणजेच ३ तास ३६ मिनिटे. उत्तर अगदी बरोबर! सदनिकेत खर्च झाला २० वॉट. आता तीच वीज ६५ मिनिटेही पुरत नाही. त्यात जुन्या बॅटरीची आणखी एक खोड असते. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून भार पडला की दाब अचानक खाली येतो आणि १५-२० टक्के दिसत असतानाच यंत्र बंद पडते. पन्नास मिनिटांचा हिशेब असा लागतो.

ही गोष्ट आपल्या शिंपी बांधवांना लगेच कळेल. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एखाद्या कारागिराने मागच्या तासात सहा सदऱ्यांना गुंड्या लावल्या, आणि त्यावरून मालकाने सांगितले की उरलेले तीस नग पाच तासांत होतील. पण उरलेल्या तीस नगांत शेरवान्या आहेत. मालकाने आकडेमोड चुकविली नाही, फक्त पुढचे काम मागच्यासारखेच असेल असे धरले. असा वायदा देणाऱ्या दुकानाला ईदच्या आदल्या रात्री ग्राहकांसमोर तोंड दाखवणे कठीण जाते. लॅपटॉप हाच वायदा दर मिनिटाला करतो. त्याच्या दारात ग्राहक येत नाही, एवढाच फरक.

मिनिटांच्या अचूकतेचा मोह

नागपूरकरांना ३० मे २०२४ चा दिवस आठवत असेल. शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले आणि ती बातमी देशभर पसरली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले की ते उपकरण बिघडले होते. तरी आकडा आकड्यात दिसला, म्हणून लोकांनी तो आधी मानला. मोबाइलवर आला, पडद्यावर दिसला, की आपण त्याला पुरावा समजतो.

बॅटरीच्या आकड्यात तर उपकरण बिघडलेलेही नसते, त्यामुळे फसगत ओळखणे अधिक कठीण. '३ तास ३६ मिनिटे' यातील ३६ मिनिटे आपल्याला भुलवितात. 'तीनेक तास' असे लिहिले असते तर मिस्त्रींनी चार्जर पिशवीत टाकून वाटेत एखाद्या दुकानात तो लावला असता. जुना कारागीर ग्राहकाला "असरच्या सुमारास या" असे सांगतो, तेव्हा त्या शब्दांतच थोडी ढील असते आणि ती दोघांनाही समजते. यंत्राच्या आकड्यात ती ढील दिसत नाही.

याच कारणाने ॲपल कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या वरच्या पट्टीतून उरलेल्या वेळेचा आकडा काढून टाकला व टक्केवारी तेवढी ठेवली. टक्केवारी बरोबर असते, पण वापर सतत बदलत असल्याने वेळेचा अंदाज नेमका येत नाही, असे कारण सांगण्यात आले. नव्या यंत्रांची बॅटरी टिकत नाही अशा तक्रारी त्याच सुमारास होत होत्या, म्हणून हा आकडा लपविण्याचा प्रकार आहे अशी टीकाही झाली.

माझ्या मते आकडा काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याचे खरे उपयोग दोन आहेत. पहिला, तुलना करणे. पडद्याचा उजेड अर्धा करा, नको असलेले प्रोग्राम बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि आकडा किती वाढला ते पाहा. कोणती सवय किती वीज खाते ते आपोआप कळते. दुसरा उपयोग सावध होण्याचा. काम तेच असताना गेल्या वर्षी पूर्ण चार्जिंगवर चार तास दिसत होते आणि आज दोनच दिसतात, तर बॅटरी झिजली हे समजावे. मोटारसायकलचा वेग दाखविणारा काटा उपयोगी असतो, पण त्यावरून आपण वर्ध्याला किती वाजता पोहोचू हे कोणी ठरवीत नाही. वाटेत बुटीबोरीची गर्दी असते हे आपल्याला ठाऊक असते. बॅटरीच्या आकड्याकडेही त्याच नजरेने पाहावे.

ई-रिक्षा चालविणारे बांधव हे आधीच शिकले आहेत. मनीषनगरचा रेल्वे पूल चढताना बॅटरीचा काटा खाली पडतो आणि उतारावर पुन्हा वर येतो. अनुभवी चालक काट्याकडे बघून फेरी घेत नाही. सकाळपासून किती फेऱ्या झाल्या, किती सवाऱ्या बसल्या, यावरून तो घरी परतायची वेळ ठरवितो. लॅपटॉपवाल्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे.

जुन्या लॅपटॉपचा व्यवहार

इथवर नुकसान आपलेच होते. पण जुन्या लॅपटॉपच्या खरेदी-विक्रीत हाच आकडा दुसऱ्याचे नुकसान करतो, आणि तिथे प्रश्न सचोटीचा होतो.

पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. लॅपटॉप १०० टक्के भरून ठेवायचा, पडदा मंद करायचा, इंटरनेट बंद करायचे, एकही प्रोग्राम उघडा ठेवायचा नाही आणि मग ग्राहकाला आकडा दाखवायचा. "बघा, पाच तास!" ग्राहक बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा बाप असतो. महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून तो आलेला असतो. घरी मुलाने वर्ग सुरू केला की दीड तासात यंत्र बंद. तो परत आला तर उत्तर तयार असते, "पडद्यावर तुम्हीच पाहिले होते ना?"

यावर काही दुकानदार म्हणतात की आम्ही खोटे बोललो नाही, आकडा यंत्राने दाखविला. काही म्हणतात, ग्राहकाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही. पहिल्याला माझे उत्तर असे की तराजू खरा असला तरी पारड्याखाली बोट लावणारा आपणच असतो. दुसऱ्याला असे की मालातील ऐब सांगून विकावा, ही रीत आपल्याला लहानपणापासून शिकविली गेली आहे. ती रीत ग्राहकाने विचारण्याची वाट पाहत नाही. आणि ज्यांना फक्त धंद्याचे गणित पटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की बेशासारख्या वस्तीत एका इमारतीतला एक नाराज ग्राहक मोबाइलवरच्या एका निरोपाने सगळ्या मजल्यांवर पोहोचतो.

खरा आकडा काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत. विंडोज असलेल्या यंत्रात कमांडची काळी खिडकी उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजी अक्षरांत लिहिले की एक अहवाल तयार होतो. विंडोज ८ पासून ही सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावर राहणारी क्षमता, असे दोन्ही आकडे मिळतात. ४१ च्या जागी २७ असेल तर एक तृतीयांश बॅटरी गेली. हे दोन आकडे बिलावर लिहून द्यावेत. त्याप्रमाणे किंमत कमी घ्यावी किंवा नवी बॅटरी घालून तिचे पैसे उघड लावावेत. जुनी गाडी विकताना किलोमीटर लिहिले जातात, त्यातलाच हा प्रकार. चिपचा हिशेबही कधी कधी चुकतो हे खरे. पण हिशेबाची वही दाखविणे आणि सोयीचे एकच पान दाखविणे यांत फरक आहे.

आपण काय करावे?

ज्या कामासाठी लॅपटॉप बाहेर न्यायचा, ते काम एकदा चार्जर काढून घड्याळ लावून करून पाहावे. नकाशा, बिल, परराज्यात जाणाऱ्या मालाचे ई-वे बिल, जे काही असेल ते. जो वेळ येईल त्याचा दोन तृतीयांशच धरावा आणि तो कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावा. पडद्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही चिठ्ठी अधिक विश्वासाची. दर सहा महिन्यांनी ती नव्याने करावी, कारण बॅटरी झिजत जाते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवू नये. उष्णतेने बॅटरीची जी क्षमता जाते ती परत येत नाही. पडद्यावर २० टक्के दिसले की काम जतन करून थांबण्याची सवय लावावी. आणि मापे मात्र वहीतही लिहावीत. ती मळकी वही अजून टाकून देण्याची वेळ आलेली नाही.

ते मिस्त्री आता वही आणि लॅपटॉप दोन्ही नेतात. ग्राहकाला वेळ देताना ते पडद्याकडे पाहत नाहीत, झाकणाच्या आतल्या चिठ्ठीकडे पाहतात. तिच्यावर लिहिले आहे, 'नकाशासह ३५ मिनिटे'. दुकानातून निघताना पडदा आजही तीन-साडेतीन तास दाखवितो. दाखवो बापडा. ग्राहकाला शब्द आपण देतो, लॅपटॉप देत नाही. तो पाळण्याची जबाबदारीही मग आपलीच.