रंगाच्या आत काय आहे?

पाण्यात म्हैस आणि वर मोल, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हैस पाण्यात बसलेली, तिचे पाय दिसत नाहीत, कास दिसत नाही, आणि आपण काठावर उभे राहून भाव ठरवतो. नव्याने रंगवलेली जुनी गाडी घेणे हा तसाच व्यवहार आहे. हल्ली घरोघरी जुन्या गाड्या येत आहेत, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहिते.

निमित्त आमच्या कारध्यातलेच आहे. माझ्या बहिणीच्या मुलाने नागपुरात चार वर्षे नोकरी करून थोडे पैसे साठवले. त्याचे मन पोलो जीटीवर बसले. चाकणच्या कारखान्यात बनणारी ही गाडी 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता ती जुनीच मिळते. खऱ्या अर्थाने ती स्पोर्ट्स कार नव्हे; पण छोट्या गाडीत ताकदीचे इंजिन, म्हणून तरुण मुले तिला स्पोर्ट्स कारच म्हणतात. मुंबई पासिंगची, 2014 ची, लालभडक गाडी त्याला एका विकणाऱ्याकडे दिसली. किंमत साडेपाच लाख. त्यातले तीन लाख त्याचे स्वतःचे आणि बाकीचे घराच्या स्लॅबसाठी त्याच्या अम्मीने बाजूला ठेवलेले. गाडीला पूर्ण रंग मारलेला आहे, हे विकणाऱ्याने स्वतःच सांगितले होते. "खाला, नवी दिसते अगदी," भाचा म्हणाला. मी विचारले, "रंग का मारला?" त्याने ते विचारलेच नव्हते.

सगळा प्रश्न या "का" मध्ये आहे. रंग मारणे हा काही गुन्हा नाही. विदर्भाच्या उन्हात टपावरचा आणि बॉनेटवरचा वरचा थर फिका पडतो, सोलतो. कुणाला पहिला रंग आवडत नाही. कुठे रिक्षा घासून जाते, कुठे फाटकाला दार लागते. ही कारणे साधी आहेत. पण मोठ्या अपघातात वाकलेला पत्रा ठोकून, पुट्टी भरून वर रंग मारला जातो, तेव्हा तो रंग झाकण्यासाठी असतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडीही धुऊन, रंगवून, दूरच्या गावी विकली जाते. पूर म्हणजे काय ते वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. ऑगस्ट 2020 च्या शेवटी आपण सर्वांनी पाहिले. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बुडालेल्या गाडीत वायरिंग आतून गंजते आणि दोष कित्येक महिन्यांनी बाहेर येतो. तोपर्यंत विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो.

आपल्या दीनमध्ये या गोष्टीची चर्चा फार आधी झालेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यावर आपण (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे स्पष्ट सांगितले. सही मुस्लिममधली ही हदीस आपण अनेकदा ऐकतो. यात लक्षात घेण्यासारखी बाब अशी की पाऊस लागणे हा त्या माणसाचा दोष ठरला नाही, ओले आत आणि कोरडे वर ठेवणे हा दोष ठरला. दुसरी मनाई जनावरांच्या बाबतीत आहे. विकण्याआधी उंटीण किंवा शेळी दोन-चार दिवस न पिळता ठेवायची, म्हणजे कास भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक फसते. हे आपण (स.) मना केले आणि घेणाऱ्याला जनावर ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार दिला. विकण्याच्या आठवड्यात गाडीवर मारलेला रंग पाहिला की मला ती भरवलेली कास आठवते.

फिकहमध्ये यालाच खियारे-ऐब म्हणतात. आधी सांगितला नव्हता असा जुना दोष नंतर निघाला, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. देशाचा कायदाही याच बाजूने बोलतो. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 17 नुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे. पण 1930 च्या मालविक्री कायद्यात एक मेख आहे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषाबद्दल कायद्याने गृहीत धरलेली हमी त्याला मिळत नाही. म्हणजे डोळे उघडे ठेवणे ही आपलीही जबाबदारी आहे.

तपासायचे कसे? भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे शहर. जाणकार बाई भांड्याच्या चकाकीवर जात नाही, बोटाने वाजवून पाहते. गाडीचेही तसेच करावे. सकाळच्या उजेडात, धुतलेली पण कोरडी गाडी पाहावी. दिव्याखाली किंवा पावसात कधीही पाहू नये. बाजूने तिरके बघितले की मूळ रंगात प्रतिबिंब सरळ दिसते, हाताने मारलेल्या रंगात ते हलते. दारांचे रबर बाजूला करून आतला रंग पाहावा. बॉनेट आणि दारे धरणारे बोल्ट पाहावेत. त्यांचा रंग खरवडलेला असेल तर पत्रा कधी तरी उतरवलेला आहे. दोन पत्र्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांवर, टपावर, मागच्या बाजूला फिरवावे. पत्र्याला ते चिकटते, जाड पुट्टी असेल तिथे सुटते. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ही परीक्षा लागू नाही. चांगल्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 180 मायक्रॉनच्या दरम्यान भरतो. दोनशेच्या बराच वर आकडा गेला तर पुन्हा रंग मारलेला, आणि तो कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे असे समजावे. पुराची शंका असेल तर सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, सतरंजीखाली हात घालावा, सीटच्या रुळांवर गंज शोधावा. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला खालून दाखवावी. विकणाऱ्याचा मिस्त्री नको.

कागद तितकेच महत्त्वाचे. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलला असेल तर आरटीओत तशी नोंद हवी. इंजिन आणि चेसिस नंबर कागदावरून नाही, गाडीवरून वाचून आरसीशी जुळवावा. डीसी अवंती या भारतीय स्पोर्ट्स कारचे प्रकरण आठवत असेल. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी अशी एक गाडी जप्त केली आणि एकाच इंजिन-चेसिस नंबरवर एकाहून अधिक नोंदी असल्याचा आरोप ठेवला. इतक्या महागड्या गाडीबाबत असा प्रश्न उभा राहतो, तर आपण दोन मिनिटे खाली वाकून नंबर वाचायला काय हरकत आहे? गाडीवर कर्ज होते का ते पाहावे. असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागेल, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30. मागच्या विम्याची पॉलिसी मागावी. तिच्यावर नो-क्लेम बोनस शून्य असेल तर आदल्या वर्षी दावा झाला होता का, हे विचारावे. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून तो पुरावा नव्हे, पण खूण नक्की आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला एप्रिल 2023 पासून आरटीओचे अधिकारपत्र लागते, तेही पाहायला मागावे.

आता भाच्याच्या गाडीचे काय झाले ते सांगते. आरसीत रंग पांढरा होता. दाराच्या रबराआडही पांढराच निघाला. रंगबदलाची नोंद आरटीओत नव्हती. इथपर्यंत ठीक, नोंद करून घेता आली असती. पण मागच्या डाव्या बाजूला चुंबक हातभर जागेत चिकटेना. विकणाऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "उभ्या गाडीला ट्रक घासला होता, किरकोळ काम आहे." बिल नव्हते, फोटो नव्हते. आमच्या मिस्त्रीच्या लिफ्टवर गाडी न्यायला त्याने नकार दिला. "जशी आहे तशी घ्यायची, उद्या दुसरी पार्टी येते," असे वर ऐकवले.

घरी चर्चा झाली. भाच्याचे म्हणणे होते की किंमत कमी करून घेऊ. त्याचे अब्बा, माझे दुल्हेभाई, फार कमी बोलतात. ते म्हणाले, "बेटा, पन्नास हजार कमी होतील, पण आत काय आहे ते कळेल का? नि उद्या तू विकशील तेव्हा घेणाऱ्याला काय सांगशील?" या दुसऱ्या प्रश्नावर मुलगा गप्प झाला. गाडी घेतली नाही. चार दिवस तो अम्मीशीही नीट बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. चार वर्षे डबा खाऊन, खोली वाटून घेऊन जमवलेल्या पैशांना एखादे स्वप्न असणारच.

रंगवलेली गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. रंग का मारला याचे पटणारे, शक्यतो बिलासह उत्तर मिळाले, आपल्या मिस्त्रीला मोकळेपणाने तपासू दिले, आणि झालेले काम खरेदीच्या कागदावर लिहून दिले, तर खुशाल घ्यावी. तिन्हींपैकी एकालाही नकार आला, तर "उद्या दुसरी पार्टी" येऊ द्यावी. घराच्या स्लॅबचे किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे शौकाच्या गाडीत घालू नयेत, हे मी त्याच्या अम्मीलाही सांगितले.

दुल्हेभाईंचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. आपण आज घेणारे असतो, पाच वर्षांनी विकणारे. माननीय जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवला गेला होता. घोडा पाहून ते मालकाला स्वतःच म्हणाले की याची किंमत जास्त आहे, आणि वाढवत वाढवत आठशे दिले, कारण प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची त्यांनी बैअत केली होती. घेणाऱ्याची ही रीत, तर विकणाऱ्याने आपल्या गाडीचा ठोकलेला पत्रा दाखवून देणे हे फारच थोडे झाले. खरे सांगून केलेल्या सौद्यात बरकत असते आणि लपवल्याने ती निघून जाते, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणून तुमच्या अंगणातली गाडी विकायला निघाल, तेव्हा रंगवण्याआधी तिचे फोटो काढा, गॅरेजचे बिल जपा आणि दोन्ही घेणाऱ्याच्या हातात द्या. पैसे थोडे कमी येतील. पण ती गाडी रस्त्यात दिसली तर तुम्हाला नजर चुकवावी लागणार नाही.