पाय जमिनीवर!
शिरपूर जैनची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. देवाला ते शोभते. विजेच्या यंत्राचे पाय मात्र जमिनीवरच हवेत. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढून घरी लाटणी, भोवरे कातायला छोटा लेथ जुळवणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

लाकडी फळीवर ठोकलेली मोटर ही खरी अधांतरी! आतली तार सोलली गेली, की २३० व्होल्ट तिच्या लोखंडी अंगावर येतात आणि हात लावणाऱ्याच्या देहातून जमिनीची वाट धरतात. म्हणून मोटर आणि लेथ, दोघांच्या धातूच्या अंगाला अर्थिंगची हिरवी तार पक्की आवळा. प्लगची लांब पिन तिचीच. ती आधी टेकते, शेवटी सुटते. मात्र जुन्या घरांत कधी कधी सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे असते! ते वायरमनकडून तपासून घ्या. फ्यूज तारा वाचवतो, माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. शिवाय गेलेली वीज परतल्यावर लेथ आपोआप फिरू लागणार नाही, असाच स्विच निवडा.

लाटणे दिवाळीनंतर झाले तरी चालेल. कातणारा हात शाबूत हवा.