कोणत्या कामाची इंग्रजी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "बाकी सगळं ठीक आहे, इंग्रजी कच्ची आहे." पोर उर्दू माध्यमात शिकलेले असो की मराठी, पदवी हातात आली तरी हे वाक्य पाठ सोडत नाही. हिशेब जमतो, टॅली येते, पण मुलाखतीत साहेबाने इंग्रजीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटले की जीभ टाळ्याला चिकटते. मग '४५ दिवसांत फाडफाड इंग्रजी' असा फलक शोधला जातो आणि अब्बा उसनवारी करून फी भरतात. मुलीचे तर एवढेही होत नाही. क्लास लांब, सुटायला रात्र होते, विषय संपला.

या क्लासांत सगळ्यांना एकच इंग्रजी शिकवतात. नोकरीत मात्र ज्याच्या त्याच्या कामाची इंग्रजी लागते.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कितीतरी घरांतली मुले जहाजावर जातात, म्हणून त्यांचेच उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात भाषेचा डौल नाही, मुद्दामच ठेवलेला नाही. १५० म्हणायचे असेल तर 'वन-फाइव्ह-झीरो' असे एकेक अंक सुटे बोलायचे. ऐकू आले नाही तर 'से अगेन'. वाक्याआधीच सांगायचे की हा प्रश्न आहे, सूचना आहे की इशारा. 'मे आय' सारखी शाळेत घोटून घेतलेली अदब इथे टाळायची, कारण 'मे' म्हणजे परवानगी की शक्यता, हे वायरलेसवर कळत नाही आणि तिथे गैरसमज जिवावर बेतू शकतो. ज्या मुलाला ही वाक्ये तोंडपाठ आहेत त्याला तीन महिने काळांचे तक्ते गिरवायला लावून काय मिळणार?

नर्सिंग केलेल्या मुलीचे गणित वेगळे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर आयईएलटीएस किंवा ओईटी यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते. ओईटी खास आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी आहे. तिच्या लेखनाच्या भागात रुग्णाची टिपणे पुढे ठेवतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला पत्र लिहायला सांगतात, वेळ ४५ मिनिटे. टिपणातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, यातच निम्मी परीक्षा आहे. ऑफिसात बसणाऱ्याला यातले काही नको. त्याला चार ओळींचा ईमेल, फोनवर निरोप घेणे आणि बैठकीत "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का" एवढे नीट म्हणता आले तरी पहिले वर्ष निभावते.

आता घरबसल्या शिकण्याचे. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवायला १९४३ साली सुरुवात केली. तोच वारसा आज 'बीबीसी लर्निंग इंग्लिश' म्हणून मोबाइलवर फुकट मिळतो. त्यांची 'इंग्लिश ॲट वर्क' ही मालिका नव्या मुलांनी जरूर ऐकावी. प्लास्टिकची फळे विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीत ॲना नावाची मुलगी नोकरीला लागते आणि मुलाखतीपासून चिडलेल्या ग्राहकापर्यंत सगळे प्रसंग निभावते. ऐकताना हसू येते, म्हणून लक्षातही राहते. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्नइंग्लिश' या संकेतस्थळावर पातळीनुसार धडे आहेत. आपल्या सरकारचे 'स्वयम्' २०१७ पासून चालू आहे. तिथे शिकणे मोफत, फक्त प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी.

पण फुकट मिळते ते अर्धवट सोडणेही सोपे असते. ऑनलाइन नाव नोंदवणारे पुष्कळ, शेवटच्या धड्यापर्यंत पोहोचणारे थोडेच. शिवाय नुसते व्हिडिओ पाहून बोलता येत नाही, जसे 'दावत'चे व्हिडिओ पाहून बिर्याणी दम धरत नाही. सहा मिनिटांचा एकच भाग घ्या. आधी मजकूर न बघता ऐका, मग मजकूर समोर ठेवून ऐका, मग मोठ्याने वाचा आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून पाहा. पहिल्यांदा लाज वाटेल, आठवड्याने वाटणार नाही. जोडीला नणंद, आतेबहीण, शेजारीण कुणीतरी असेल तर उत्तम. रोज रात्री दोघींनी एकमेकींना दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज इंग्रजीतच पाठवायचा.

जाता जाता एक सांगतो. उर्दू शिकलेल्या मुलांच्या जिभेला 'फ़ाइल'मधला फ़ आणि 'झीरो'मधला झ आधीच बसलेला असतो. इतरांना तिथे मेहनत पडते. आपली गाडी अडते ती 'इस्कूल', 'इस्टेशन'वर. मागचा 'इ' सोडायचा सराव चार दिवस केला तरी फरक ऐकू येतो. आणि घरी कोकणी, शाळेत उर्दू, एसटीत मराठी, मुंबईत हिंदी बोलणाऱ्या पोराला आणखी एक भाषा येणार नाही, हे मला काही पटत नाही.

खरी अडचण बऱ्याच घरांत मोबाइलची आहे. मुलगा रात्री एकपर्यंत गेम खेळला तर अम्मी फक्त कुरकुरते. मुलीने कानात इअरफोन घालून इंग्रजीत काही पुटपुटले की "कुणाशी बोलतेस?" अशी विचारणा होते. घरात एकच फोन असेल तर तो तिच्या हाती येईपर्यंत त्याची बॅटरी संपलेली असते. वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे: रोजचा अर्धा तास तिच्या नावावर ठरवून द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात तिला चहा टाकायला उठवू नये. संशय वाटत असेल तर शेजारी बसून तुम्हीही ऐका. ॲनाच्या गोष्टीत लपवण्यासारखे काही नाही.

आणि कुवेत-दुबईला असलेले मामा, चाचा सुटीवर येतात तेव्हा अत्तर आणि चॉकलेटबरोबर त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट मागा. त्यांच्या साइटवर रोज भरावा लागणारा सुरक्षेचा फॉर्म, रजेचा अर्ज, सामानाच्या मागणीची चिठ्ठी, यांचे कोरे नमुने. आयटीआय झालेल्या भाच्याला जायच्या आधी सहा महिने हे कागद भरायची सवय लागली, तर तिथे गेल्यावर फॉर्म भरून घेण्यासाठी त्याला दुसऱ्यापुढे उभे राहावे लागणार नाही.