महानगरात गेलो, शहरात पोहोचलो का?

मोठ्या शहरात राहण्याचे फायदे आणि तोटे हा विषय आपल्या समाजात दोनच तऱ्हांनी बोलला जातो. वाझ करणाऱ्यांना शहर म्हणजे फितना वाटते. तिथे पोरगा बिघडतो, मुलगी हाताबाहेर जाते, नमाज सुटते. उलट ज्याचा मुलगा सुरतेला किंवा मुंबईला कमावतो त्या बापाला शहर म्हणजे बरकत वाटते. ईदला पैसे आले, घरावर स्लॅब पडला, बहिणीचे लग्न उरकले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि दोघेही मुख्य गोष्ट टाळतात. ती अशी की, आपण महानगराची पूर्ण किंमत मोजतो, पण शहर काही आपल्या पदरात पडत नाही.

नंदुरबारचेच पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी, आणि साक्षरतेत सगळ्या महाराष्ट्रात शेवटचा. लाल मिरचीचा बाजार मोठा, पण कारखानदारी नावापुरती. मुंबई लांब, सुरत मात्र ताप्तीकाठच्या रेल्वेने काही तासांवर. नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. असल्या जिल्ह्यातला गॅरेजवाल्याचा, बागवानाचा, हमालाचा मुलगा पिशवी उचलून गाडीत बसला, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

शहराचे फायदे आधी मोकळेपणाने कबूल करू. तिथे रोजंदारी नियमित मिळते. तिथे मोठे दवाखाने आहेत. नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२० साल उजाडावे लागले. तोवर अवघड दुखण्याचा रुग्ण घेऊन माणसे धुळे किंवा सुरत गाठत होती. पण सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे. शहरात माणूस अमक्याचा पोरगा, तमक्या बिरादरीचा राहत नाही, तो स्वतः कोण आहे यावर उभा राहू शकतो. डॉ. आंबेडकरांनी दलितांना खेडे सोडून शहराची वाट धरायला सांगितले ते उगीच नव्हे. गावात मुलगी कॉलेजला निघाली की चार ओट्यांवर चर्चा होते, शहरात तिच्या हातातल्या पुस्तकाकडे वळून पाहायला कुणाला सवड नसते. बार्शीचे अमर शेख मुंबईला आले आणि संयुक्त महाराष्ट्राचा आवाज झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मुंबई-पुण्यात आले आणि १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्याशी आपले मतभेद असोत, पण ही माणसे शहरात राहिली आणि शहराशी बोलली, हे मान्य करावेच लागेल.

आपण काय करतो? एका मोहल्ल्यातून उठतो आणि दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन पडतो. लिंबायतची गल्ली, नाही तर मुंब्र्याची चाळ. घरमालक आपला, ठेकेदार आपला, किराणावाला आपला, दहा बाय दहाच्या खोलीतले सहा सोबतीही आपलेच. भाडे महानगराचे, हवा महानगराची, धोका महानगराचा आणि जगणे मात्र मोहल्ल्याचे. नंदुरबारच्या मिरची बाजारात भिल, गुजर, मारवाडी, पाटील अशा दहा तऱ्हांच्या माणसांशी दिवसभर व्यवहार करणारा तरुण तिकडे वर्षानुवर्षे आपल्याच माणसांत फिरत राहतो. मग शहर कशाला म्हणायचे?

यात सगळा दोष आपला नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबईत आणि सुरतेतही माणसांना जिवाच्या भीतीने एकत्र कोंबले. मुंब्रा वाढले ते त्या भीतीतूनच. पैसे हातात असूनही नाव ऐकून घर नाकारले जाते. गुजरातच्या १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्यामुळे सुरतेच्या काही भागांत कलेक्टरच्या परवानगीशिवाय घराचा सौदाच होत नाही. ही भिंत दुसऱ्यांनी उभारली. तिच्याविरुद्ध न्यायालयात, वर्तमानपत्रात, निवडणुकीत बोललेच पाहिजे.

पण त्या भिंतीला आतून रंग देण्याचे काम कोण करते? २००१ च्या जनगणनेनुसार देशातले ३५.७ टक्के मुस्लिम शहरांत राहत होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २७.८ टक्केच होते. म्हणजे शहरात जाण्यात आपण इतरांच्या पुढे होतो. नुसत्या शहरात जाण्याने उद्धार होत असता, तर २००६ साली न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीला आपल्या मागासलेपणाचा एवढा जाडजूड अहवाल लिहावा लागला नसता. शहरात राहणे वेगळे आणि शहराच्या शाळा, वाचनालये, नोकऱ्या, संघटना यांत शिरणे वेगळे.

भाषेचेही तेच. आपला नंदुरबारचा मुलगा बाजारात अहिराणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, गुजराती त्याला ऐकून ऐकून येते. एवढी पुंजी कितीजणांकडे असते? सुरतेची महापालिका मराठी आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवते. पण बाप कामावर, आई खोलीत टिकल्या लावते, आणि चौथी-पाचवीतले पोर कारखान्यात धागे तोडते. मराठी सुटते, उर्दू धड येत नाही, गुजराती कामापुरतीच राहते. मग परीक्षा कोणत्या भाषेत देणार आणि अर्ज कोणत्या भाषेत लिहिणार? गावात शिकलेली भाषा शहरात हरवून येणे, हा तोटा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

लहान गावात काहीच घडत नाही, हाही गैरसमज सोडावा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानचे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी उलट दिशेने आले आणि १९७९ साली त्यांनी अक्कलकुव्यात जामिया उभी केली. पुढे तिथे मदरशाच्या जोडीला अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि युनानी वैद्यकाचे शिक्षण आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या दवाखान्यांत प्राणवायूअभावी माणसे दगावत होती, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचे प्राणवायू प्रकल्प होते. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या पुढाकाराने ते काम आदल्याच वर्षी सुरू झाले होते. आणि आपले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली भरले ते मुंबईत नव्हे, सोलापुरात.

म्हणून गावाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ऊसतोडीला कुटुंबासह गुजरातेत जाणाऱ्या आपल्या आदिवासी शेजाऱ्याला विचारा, गाव त्याला का पोसत नाही. त्याचे आणि आपले दुखणे एकच आहे. जिल्ह्यात काम आणि शाळा मागायची तर दोघांनी मिळूनच मागावी लागेल.

वाझ करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, शहराला शिव्या देऊन कुणी थांबत नाही. जाणारा रिकाम्या हाताने जातो, एवढेच होते. आणि बापांना सांगणे आहे की, मुलगा किती पाठवतो हे विचारता, तसे हेही विचारा. नातवंडे कोणत्या शाळेत जातात? सून घराबाहेर पडून काही शिकते का? मोहल्ल्याबाहेरच्या एका तरी घरी त्याचे जाणे-येणे आहे का? त्याचे नाव तिथल्या मतदार यादीत आहे का? या चारही प्रश्नांना "नाही" हेच उत्तर आले, तर मुलगा अजून सुरतेच्या स्टेशनवरच उभा आहे असे समजा, मग त्याला जाऊन वीस वर्षे का झालेली असेनात.