एस्सिटालोप्राम लिहिताना

तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ बहुधा नसतोच. असला तर आठवड्यातून एखादा दिवस येतो. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेला पेशंट आपल्याच समोर बसतो. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळे नीट आले, की आपण एस्सिटालोप्राम लिहितो. ते लिहायलाच हवे. योग्य पेशंटला योग्य मात्रेत दिलेली ही गोळी माणसाला पुन्हा कामाला लावते, आणि जुन्या ट्रायसायक्लिक औषधांच्या मानाने ओव्हरडोसमध्ये ती कितीतरी कमी घातक आहे. मला बोलायचे आहे ते चिठ्ठी हातात देताना आपण काय सांगतो आणि पेशंट परत आल्यावर काय विचारतो, याबद्दल.

दुष्परिणाम सांगितले तर पेशंट गोळी घेणारच नाही, अशी धास्ती अनेकांना असते. माझे मत नेमके उलटे आहे. या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होतो. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यात असते, त्यामुळे मळमळ आणि पातळ शौच आधी येतात. सोबत डोकेदुखी, घाम, झोप उडणे किंवा दिवसभर पेंग, आणि काहींना आधीपेक्षाही जास्त घालमेल. ज्याला हे कोणी सांगितलेले नसते तो पाचव्या दिवशी ‘गोळी गरम पडली’ म्हणून बंद करतो आणि पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. ‘पहिले आठ-दहा दिवस मळमळेल, जेवणानंतर घ्या, जीव जास्त घाबरला तर मला फोन करा, पण मनाने बंद करू नका,’ एवढे म्हणायला अर्धे मिनिट लागते. घबराटीच्या पेशंटला पहिला आठवडा 5 मिलिग्रॅमच द्यावे. पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर पहिल्याच आठवड्यात परत बोलवावे. अमेरिकेच्या एफडीएने 2004 साली मुलांसाठी आणि 2007 साली 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला, तो याच सुरुवातीच्या काळाला धरून. तेव्हा ‘जगणं नको वाटतं का?’ असे सरळ विचारावे, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवरच लिहून द्यावा.

ही सुरुवातीची घालमेल झाकायला क्लोनाझेपाम मिसळलेली तयार गोळी सर्रास लिहिली जाते. माझा तिला विरोध आहे. एस्सिटालोप्राम सहा महिने-वर्षभर चालवायचे असते, क्लोनाझेपाम दोन-चार आठवड्यांत थांबवायचे असते. एकाच गोळीत दोन्ही घातल्यावर ते थांबवणार कसे? गरज असेल तर वेगळे लिहा आणि बंद करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर टाका.

आता सोडियम. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक आजी डोळ्यांसमोर आणा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी बरीच वर्षे चालू आहे. यजमान गेल्यापासून उदास असतात म्हणून एस्सिटालोप्राम सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात सूनबाई सांगते, ‘आई फारच गप्प झाल्यात, जेवत नाहीत, काल बाथरूममध्ये तोल गेला.’ इथे नैराश्य वाढले असे समजून मात्रा दुप्पट करणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत धोक्याचे. सोडियम तपासले तर 118 निघू शकते. एसएसआरआय गटाची औषधे अँटिडाययुरेटिक हार्मोनचा अंमल वाढवतात, थायझाइड मूत्रपिंडातून सोडियम घालवते. वय, बायकांची जात, कमी वजन आणि या दोन गोळ्या एकत्र आल्या की बहुतेकदा पहिल्या महिनाभरातच सोडियम घसरते. त्यात रक्तदाब म्हणून मीठ तोडलेले आणि ‘पाणी भरपूर प्या’ हा आपलाच सल्ला! साठीपुढच्या प्रत्येक पेशंटचे सोडियम गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दोन ते चार आठवड्यांत तपासावे. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये ही तपासणी होते. शक्य असेल तिथे थायझाइड बदलून ॲम्लोडिपिन द्यावे. आणि सोडियम फार खाली गेलेले आढळले तर ते दवाखान्यात सलाइन लावून घाईने वर आणू नये. पेशंटला दाखल करावे.

याच वयात मात्रा 10 मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, कारण क्यूटी लांबतो. मळमळीवर आपण सहज लिहितो ते ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी लांबवते, हे ध्यानात असू द्यावे. ओमेप्राझोलने एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढते, तेव्हा पॅन्टोप्राझोल बरे. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक चालू असणाऱ्याला जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण प्लेटलेटमधले सिरोटोनिनच आटते. त्याला पॅन्टोप्राझोलचे संरक्षण द्यावे. गुडघेदुखीवर ट्रॅमाडॉल शक्यतो टाळावेच.

ज्याविषयी पेशंट तोंड उघडत नाही आणि आपणही विचारत नाही, तो दुष्परिणाम लैंगिक. स्पेनमधल्या 344 पेशंटांच्या एका अभ्यासात, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, आपणहून तक्रार सांगणारे जेमतेम 14 टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर तेच प्रमाण 58 टक्के निघाले. तिथे ही स्थिती, तर मध्ये नुसता पडदा असलेल्या आणि बाहेरच्या बाकावर सासूबाई बसलेल्या आपल्या दवाखान्यात काय असेल? पुरुषात वीर्यस्खलन लांबते. नेमक्या याच परिणामासाठी याच गटातले डॅपॉक्सेटिन आपण शीघ्रपतनावर देतो. बाईची इच्छा मावळते, समाधान होत नाही, आणि तिला विचारायचे असते हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. नवरा-बायकोत अबोला धरला जातो, कुणी दुसरा संशय घेतो, कुणी गुपचूप गोळी सोडतो. दुसऱ्या भेटीत सोबतच्या नातेवाइकांना जरा बाहेर बसवून विचारावे: ‘या गोळीने काहींच्या शरीरसंबंधात फरक पडतो, तुम्हाला काही जाणवलं का?’ फरक पडला असेल तर मात्रा कमी करता येते, मिर्टाझापिन किंवा बुप्रोपिऑनकडे वळता येते. क्वचित ही तक्रार गोळी बंद केल्यावरही रेंगाळते. युरोपच्या औषध नियामकाने 2019 साली माहितीपत्रकात तशी नोंद घालायला लावली. तेव्हा अशा पेशंटला ‘हे सगळं तुमच्या मनाचं आहे’ म्हणून वाटेला लावू नये.

गोळी बंद करणे हेही उपचारच आहेत. अचानक सोडली की दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका, अशा तक्रारी येतात. पेशंटला वाटते आजार उलटला, आणि आपल्यालाही तसेच वाटते. आजार उलटतो तो सावकाश, काही आठवड्यांनी. आणि त्यात असे झटके नसतात. मात्रा कमी करताना ‘एक दिवसाआड घ्या’ ही आपली नेहमीची सूचना या औषधाला लागू नाही. त्याचे अर्धायुष्य जेमतेम तीस तासांचे, त्यामुळे रक्तातली पातळी रोज हेलकावे खाते. रोज घ्यावे, पण कमी घ्यावे. 10 वरून 5 येणे बहुतेकांना जमते. अवघड असते ते 5 वरून शून्य, कारण 5 मिलिग्रॅमनेही मेंदूतले बहुसंख्य सिरोटोनिन ट्रान्सपोर्टर व्यापलेले असतात. तिथे अर्ध्या गोळीवर काही आठवडे थांबावे, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना तर त्याहून सावकाश उतरवावे.

यातले काहीही आढळले तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवा. 2010 पासून चालणाऱ्या या कार्यक्रमाचे समन्वय केंद्र गाझियाबादला आहे, टोल फ्री क्रमांक 1800-180-3024. पेशंटच्या नावाची आद्याक्षरे, झालेला त्रास, संशयित औषध आणि तुमचे नाव एवढ्यावर नोंद होते. औषधानेच झाले हे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरतो. थायझाइड आणि एस्सिटालोप्राम एकत्र चालू असलेले, साठीपुढचे जे पेशंट आज तुमच्याकडे आहेत, त्यांचे सोडियम या महिन्यातच तपासून घ्या. ज्यांचे घसरलेले सापडेल त्यांची नोंद केंद्राकडे कराच, आणि पेशंटची ओळख गाळून त्याची एक प्रत या मासिकाकडेही पाठवा. आम्ही त्या सगळ्या एकत्र छापू.